दोन पेनं, शंभर मतदार

बसा. हजेरी नंतर. आधी हा गठ्ठा बघा.

या शंभर प्रश्नावल्या. विषय, 'निवडणूक प्रचाराचा मजुरांच्या मतदानावरील परिणाम'. एम.ए. भाग दोन, अर्थशास्त्र, गट क्रमांक चार. स्पायरल बायंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, आत ऐंशी पानं. ऋणनिर्देशात माझं नाव आहे. 'मॅडमच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय हा प्रकल्प पूर्ण होऊच शकला नसता.' झाला की! माझ्या मार्गदर्शनाशिवाय झाला, आणि त्या शंभर मजुरांशिवायही झाला.

तोंडं पाडू नका. अजून मी काही बोललेलेच नाही.

काल रात्री जेवणं आटोपल्यावर वाचायला घेतलं. पहिल्या दहा प्रश्नावल्यांपर्यंत मला कौतुकच वाटत होतं. एकही रकाना रिकामा नाही. उत्पन्न किती? लिहिलंय. कर्ज किती? लिहिलंय. गेल्या वेळी मत कुणाला दिलं? पक्षाच्या नावासकट लिहिलंय. एकतीस वर्षं मी मुलांना घेऊन गावोगाव सर्वेक्षणं करतेय. दारात उभ्या असलेल्या अनोळखी पोराला माणसानं धडाधड उत्पन्नाचा आकडा सांगितला, असं मी क्वचितच पाहिलंय. 'आहे आपलं, भागतंय,' असं सांगतात. नाहीतर उलट विचारतात, 'कशाला पाहिजे? कसली योजना आलीय का?' 'सांगता येत नाही' हा पर्याय तुम्हीच छापलाय, क्रमांक पाच. शंभरांत एकानंही त्यावर खूण केलेली नाही. सगळ्यांना सगळं सांगता येतं!

मग वयं बघितली. तेवीस, सदतीस, एकेचाळीस, बावन्न, अठ्ठेचाळीस. छान विखुरलेली. कुणीतरी डोकं चालवलं होतं, सगळे आकडे गोल नकोत, मॅडमना संशय येईल. इथंच फसलात. खरा माणूस वय कसं सांगतो? 'असेल की चाळीस.' 'पन्नाशीला आलो.' 'बहात्तरच्या दुष्काळातला जन्म, लावा तुम्हीच हिशेब.' आपल्या जनगणनेतसुद्धा शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या वयांचे सुळके उभे राहतात. गेल्या सत्रात लोकसंख्येच्या प्रकरणात हे शिकवलंय. तुमच्या शंभर मजुरांत चाळीसचा एक नाही, साठचा एक नाही. शंभरच्या शंभर जणांना जन्मतारीख तोंडपाठ.

आणि पेन. निळं, जेलचं. चौसष्टाव्या प्रश्नावलीवर शाई फिकट होत जाते आणि पासष्टपासून काळं सुरू होतं. शंभर माणसं, दोन पेनं.

एवढं करून निष्कर्ष काय काढलात? पान ७४. 'ग्रामीण मजूर अशिक्षित व भावनिक असल्याने ८७ टक्के मजूर प्रचाराला बळी पडतात.' वर काय-वर्ग कसोटी. संगणकानं पी-मूल्य ०.००० दिलं, तेही ठळक अक्षरांत. म्हणजे शंकेला जागाच नाही. नसणारच. शंका घ्यायला तिथं माणूस कुठं होता?

खोटेपणाचा राग आला, पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिला राग आला तो 'बळी पडतात' या दोन शब्दांचा. कोण बळी पडतात? ज्यांच्याशी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, ते. एसटी स्टँडच्या मागं सकाळी सातला मजूर अड्डा भरतो. आपल्या गेटपासून चालत बारा मिनिटं. हातात डबा, पिशवीत थापी नाहीतर विळा, आणि मुकादमाच्या गाडीकडे डोळे. त्यांना आठ प्रश्न विचारायचे होते. तुम्ही त्यांच्या वतीनं उत्तरं दिलीत आणि वर त्यांनाच भोळसट ठरवलंत. उचलली जीभ लावली टाळ्याला!

आता ज्यांनी जाऊन विचारलं, त्यांना काय सापडलं ते ऐका. वह्या उघडा.

एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर, नंदिता कृष्णस्वामी. तिघी ओडिशातल्या खेड्यांत गेल्या. कामं नसण्याचे दिवस होते. तिथल्याच १८३ मालकांना सोबत घेतलं आणि ५०२ मजुरांपुढं काम ठेवलं. खरं काम, खरी मजुरी. काहींना गावात चालू असलेला दर सांगितला, काहींना त्याहून कमी. आणखी एक गंमत केली. काहींना हे घरात विचारलं, दुसरं कुणी ऐकत नाही असं. काहींना बाहेर, शेजारपाजार बघतोय अशा जागी.

घरात विचारलं तर कमी दरालाही काही जण तयार होते. हाताला काम नाही, चूल पेटवायची आहे, का नसतील? पण तोच कमी दर चारचौघांत सांगितला की जवळपास कुणीच हो म्हणेना. पूर्ण दराचं काम असेल तर मात्र आत विचारा की बाहेर, काही फरक नाही. म्हणजे लाज कामाची नव्हती, दर पाडण्याची होती. 'यानं भाव फोडला' असं दिसू नये म्हणून ही माणसं आठवड्याच्या सरासरी कमाईतला ४९ टक्के भाग सोडून देत होती. निम्मी कमाई! आणि भाव फोडणाऱ्या, नावही माहीत नसलेल्या मजुराला धडा मिळावा म्हणून खिशातले पैसे मोजायलाही तयार होती.

युनियन नाही, पावती नाही, ठराव नाही, पुढारी नाही. तरी सगळे मिळून दर धरून ठेवतात. पाठ्यपुस्तकातला मागणी-पुरवठ्याचा आलेख सांगतो, बेकारी आहे तर मजुरी उतरेल. ती का उतरत नाही, याचं एक उत्तर त्या खेड्यांत सापडलं. हे राजकारण नाही तर काय आहे? तुमच्या ऐंशी पानांत हा माणूस कुठं आहे, दाखवा मला. 'अशिक्षित व भावनिक.' वा!

यातच तुमच्या कामाची गोष्ट होती. समजा, तुम्ही खरंच अड्ड्यावर गेला असतात आणि मुकादमासमोर, दहा जणांच्या घोळक्यात विचारलं असतंत, 'मत देताना पैसे घेता का?' काय उत्तर आलं असतं? आणि तेच संध्याकाळी घरी, एकट्याला विचारलं असतंत तर? कुठं विचारलं, कुणासमोर विचारलं, हा संशोधन पद्धतीचा अर्धा पेपर आहे. चहाच्या टपरीवर बसून हा प्रश्नच पडत नाही. तिथं सगळ्यांच्या वतीनं एकच जण बोलतो, ज्याच्या हातात पेन असतं तो.

'चारचौघांत' म्हणजे काय, हे मोजताही येतं. अमेरिकेत मिशिगन राज्यात ऑगस्ट २००६ मध्ये पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक होती. ॲलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि ख्रिस्तोफर लॅरिमर यांनी १ लाख ८० हजार घरं घेतली आणि कुणाला कसलं पत्र जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलं. ज्यांना काहीच पाठवलं नाही त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झालं. ज्यांना 'मतदान हे नागरिकाचं कर्तव्य आहे' असं पत्र गेलं, त्यांच्यात ३१.५. बघा, सव्वीस जानेवारीच्या आपल्या भाषणांची किंमत साधारण एवढी. आणि ज्यांना गेलं, 'मागच्या वेळी तुम्ही मतदानाला गेलात की नाही, तुमचे शेजारी गेले की नाही, ही पाहा यादी. निवडणुकीनंतर पुन्हा अशी यादी पाठवू,' त्यांच्यात ३७.८. मत कुणाला दिलं हे त्या यादीत नव्हतं, फक्त गेलात की नाही एवढंच. एक साधं टपालाचं पत्र. आपल्याकडे 'लोक काय म्हणतील' म्हणतात, त्याला त्यांनी दशांश चिन्हासकट आकडा दिला.

हे लोकांना मतदान केंद्रापर्यंत आणण्याचं झालं. मन वळवण्याचं काय? तुमचे ते ८७ टक्के? जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रुकमन यांनी अमेरिकेतले ४९ क्षेत्रीय प्रयोग एकत्र मांडले. सार्वत्रिक निवडणुकीत दारोदार जाऊन, फोन करून, पत्रं टाकून लोकांची उमेदवाराची पसंती किती बदलते? सगळं धरून त्यांचा अंदाज शून्य. निवडणुकीच्या बऱ्याच आधी गाठलं तर थोडा परिणाम दिसतो, आणि मतदानाच्या दिवसापर्यंत तो विरून जातो. काही अपवाद आहेत, ते वाचा आणि मला सांगा.

म्हणजे प्रचाराचा परिणाम होतच नाही असं लिहून टाकाल लगेच. थांबा. स्टेफानो डेलाविन्या आणि इथन कॅप्लन यांनी फॉक्स न्यूज या वाहिनीचा अभ्यास केला. ही वाहिनी ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाली. ज्या ९,२५६ गावा-शहरांची त्यांनी माहिती जमवली, त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्शात २००० च्या निवडणुकीपर्यंत केबलवर ती दिसू लागली होती, बाकीच्यांत नाही. दोन्हीकडच्या मतांची १९९६ आणि २००० ची तुलना केली. जिथं वाहिनी पोचली तिथं रिपब्लिकन पक्षाची मतं ०.४ ते ०.७ टक्के अंकांनी जास्त वाढलेली. हसू आलं ना, एवढंच? त्या वर्षी फ्लोरिडात अध्यक्षपदाचा निकाल ५३७ मतांनी लागला होता. आता हसा.

आणि प्रेक्षकांपैकी कितींचं मन वळलं, यावर त्यांनी काय लिहिलं? ३ ते २८ टक्के. एवढी रुंद फट! कारण प्रेक्षक कुणाला म्हणायचं, चुकून पाच मिनिटं थांबलेल्याला की रोज बघणाऱ्याला, यावर उत्तर बदलतं. ते त्यांनी झाकलं नाही, सारांशातच लिहिलं. जगभर नाव झालेली माणसं '३ ते २८' लिहितात. गट क्रमांक चार मात्र ठामपणे ८७ लिहितो.

तू हात वर करू नकोस, मला माहीत आहे तू काय म्हणणार. 'मॅडम, ते अमेरिकेतलं आहे, आपल्याकडे वेगळं असेल.' बरोबर! अगदी बरोबर बोलतोयस. मिशिगनवरून मिरजेचं सांगता येत नाही. म्हणूनच तर तुम्हाला अड्ड्यावर पाठवलं होतं.

तुमच्या आराखड्यातलीही एक चूक सांगते. प्रश्नावल्या खऱ्या असत्या तरी ती राहिली असती. तुम्ही फक्त प्रचारसभेला गेलेल्या मजुरांना 'विचारलंत'. जे गेले नाहीत त्यांचं काय? तुलना कुणाशी? हे मी या फळ्यावर किती वेळा लिहिलंय? पुन्हा लिहिते.

न्यू जर्सी राज्य. १ एप्रिल १९९२ ला किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ झालं. सगळे म्हणाले, आता हॉटेलवाले पोरं कमी करणार. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी ४१० फास्टफूडची दुकानं घेतली. काही न्यू जर्सीतली, काही शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली, जिथं वेतन वाढलं नव्हतं. वाढीच्या आधी एकदा विचारलं, नोव्हेंबर-डिसेंबरात पुन्हा विचारलं. अर्धवेळ काम करणाऱ्याला अर्धा धरून मोजलं. न्यू जर्सीत दुकानामागं सरासरी २०.४४ कामगार होते, ते २१.०३ झाले. पेनसिल्व्हेनियात २३.३३ होते, ते २१.१७ झाले. नुसतं न्यू जर्सी बघितलं असतं तर म्हणाला असतात, फारसं काही झालं नाही. पण शेजारी मंदीनं दोन माणसं घटली होती आणि इथं घटली नाहीत. खरी बातमी या दोन ओळींच्या मधल्या जागेत आहे. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यामागं हे काम होतं. क्रूगर तोवर हयात नव्हते.

त्यांच्यावर टीका झाली, कडक झाली. फोनवर विचारलेले आकडे कच्चे आहेत, पगारपत्रकं बघा, असं म्हणणारे अर्थतज्ज्ञ उभे राहिले. या दोघांनी २००० मध्ये सरकारी नोंदी घेऊन पुन्हा उत्तर दिलं. तो वाद अजून मिटलेला नाही आणि मिटायची घाईही नाही. पण माझ्या डोक्यात राहिलंय ते वेगळंच. दुसऱ्या फेरीत काही दुकानं फोन उचलेनात. सोडून नाही दिली. गाडी घेऊन माणूस पाठवला, दुकान चालू आहे की बंद पडलंय ते बघायला. कारण बंद पडलेलं दुकान मोजायचं राहिलं तर वेतनवाढीनं नुकसान झालंच नाही असं खोटं चित्र दिसेल. आपल्या निष्कर्षाला अडचणीचा ठरेल असा आकडा शोधायला गाडीत पेट्रोल भरून गेले. तुम्हाला बारा मिनिटं चालवली नाहीत.

खोटी माहिती पचते, असं वाटत असेल तर तीही गोष्ट सांगून ठेवते. डिसेंबर २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध आला. दारात वीसेक मिनिटं बोललं तर समलिंगी विवाहाबद्दलचं मत बदलतं आणि तो बदल नऊ महिन्यांनीही टिकतो, असा. गाजला. लिहिणारा संशोधक विद्यार्थी, सोबत सहलेखक म्हणून डोनाल्ड ग्रीन, आत्ताच्या मिशिगनवाल्या तिघांतले. पुढच्या वर्षी ब्रुकमन आणि काला तसाच प्रयोग करायला गेले तर लोक त्यांना त्या प्रमाणात प्रतिसादच देईनात. मूळ आकडे काढून बघितले, तर नको इतके नीटनेटके. सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीला विचारलं, तिला अशा कामाचा पत्ताच नव्हता. ग्रीन यांनी स्वतः निबंध मागं घ्यायची विनंती केली आणि मे २०१५ मध्ये तो मागं घेतला गेला. आकडे कशानं पकडले? गुळगुळीतपणानं. तुमची वयं आठवा.

यातला पुढचा भाग मला जास्त आवडतो. ब्रुकमन-काला तिथं थांबले नाहीत. त्यांनी मायामीत तसाच प्रयोग खरोखर केला, पारलिंगी व्यक्तींबद्दलच्या पूर्वग्रहावर. दारात दहाएक मिनिटांचं बोलणं, आणि त्याचा परिणाम तीन महिन्यांनीही शिल्लक होता. म्हणजे त्या पोरानं जे घरी बसून रचलं, त्यातलं काहीतरी खरं असू शकत होतं! फक्त ते कळायला दार वाजवावं लागतं.

आता मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली मला. 'थोरातसरांनी पण खोटेच अर्ज केले होते ना?' मोठ्यानं बोल. चांगला मुद्दा आहे, लपवतोस कशाला?

हो, केले होते. सुखदेव थोरात, आपल्या अमरावती जिल्ह्यातले, आणि पॉल ॲटवेल. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखाच. बदललं ते फक्त नाव. एक नाव सवर्ण वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. सवर्ण नावाला बोलावणं येण्याचं पारडं १ धरलं, तर दलित नावाचं ०.६७ आणि मुस्लिम नावाचं ०.३३ भरलं. बाहेर सगळे म्हणत होते, खासगी क्षेत्रात फक्त गुणवत्ता बघतात. पाकिटावरच्या नावानं काय ते सांगितलं.

अर्जदार बनावट होते, हे खरं. पण त्यांनी प्रश्न बनवला होता, उत्तर नाही. उत्तर कंपन्यांनी दिलं, आणि ते येईपर्यंत थोरातांनाही ते माहीत नव्हतं. तुम्ही प्रश्न खरा ठेवलात आणि उत्तर बनवलंत. एवढाच फरक आहे, आणि या विषयात एवढाच फरक असतो. लिहून घे.

दादरचंही सांगायचं होतं, वेळ कमी आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी दादर भागातल्या ४,९०० मराठी कुटुंबांची पाहणी केली. कोणतं मूल मराठी शाळेत गेलं, कोणतं इंग्रजी, आणि का. कामगार जातींच्या घरांत मुलगे मराठी माध्यमातच राहिले, कारण जातभाईंच्या ओळखीनं मिळणारी नोकरी त्यांची वाट बघत होती. मुलींसाठी अशी कुणी जागा धरून ठेवलेली नव्हती, म्हणून त्या भराभर इंग्रजीकडे वळल्या. ज्यांना जुन्या बाजारानं विचारलं नाही त्याच नव्या बाजारात पुढं गेल्या. या वर्गात सहा मुली आहेत, तुमच्या भावांना कुठं घातलं आणि तुम्हाला कुठं, घरी जाऊन विचारा. ४,९०० कुटुंबं. तुमच्याकडून शंभर झाली नाहीत.

शितावरून भाताची परीक्षा होते, कबूल. पण शीत त्या भांड्यातलं हवं. तुम्ही चुलीवर भांडंच चढवलं नाही.

दोष तुमचा एकट्याचा नाही, हेही सांगते. आम्ही पानं मोजतो. ऐंशी पानं आहेत ना, बायंडिंग आहे ना, सह्या आहेत ना, द्या गुण. गेल्या वर्षीचे सात प्रकल्प मी काल रात्री कपाटातून काढून बघितले. दोन संचांत एकही कोरा रकाना नाही. त्यांना मीच 'अ' श्रेणी दिलीय. झोप आली नाही मला.

तर आता ऐका. हा प्रकल्प मी नापास करत नाही, तो मला मिळालेलाच नाही. तीन आठवडे देते. शंभर नकोत, पंचवीस चालतील. निम्मे अड्ड्यावर विचारा, निम्मे घरी, आणि कोण कुठं हे चिठ्ठी टाकून ठरवा. सभेला न गेलेलेही घ्या. ज्यानं उत्तर दिलं नाही त्याची प्रश्नावली फेकायची नाही; 'हाकलून दिलं' असं लिहून लावायची. आठ प्रश्नांना वीस मिनिटं जातात, आणि सातला आलेल्या माणसाची वीस मिनिटं म्हणजे हातची गाडी जाते. तेव्हा अड्ड्यावर साडेनऊनंतर, ज्यांना काम मिळालं नाही त्यांच्याशी बोला. मग उरलेले लोक कोण, हा प्रश्न तुमच्या निष्कर्षात येईल. येऊ दे.

पान ७४ फाडून माझ्याकडे द्या. बाकीची पाठकोरी आहेत, चिठ्ठ्यांना वापरा.

आणि गेटसमोरचा टपरीवाला सकाळी मला थांबवून विचारत होता, 'मॅडम, तुमची चार पोरं परवा रात्री साडेअकरापर्यंत कागद भरत बसली होती, त्यांचे सोळा चहा राहिलेत.' बघा, शंभर फॉर्मांचा एक तरी खरा साक्षीदार निघाला. त्याचे पैसे आधी देऊन या. मग हजेरी घेते.